अमेरिकेचा मध्यमवर्ग सरकारी हमीवर उभा राहिला

अमेरिकेच्या भरभराटीचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते: तिथल्या सरकारने लुडबुड केली नाही, म्हणून तो देश पुढे गेला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेविषयी मी अनेक वर्षे वाचत आलो आहे आणि हे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. स्वतःचे घर, दारात गाडी आणि कॉलेजात जाणारी मुले अशी ज्या मध्यमवर्गाची ओळख जगभर झाली, तो फार मोठ्या प्रमाणात सरकारी पैशावर आणि सरकारी हमीवर उभा राहिला. आणि ती हमी देताना त्याच सरकारने माणसाच्या कातडीचा रंग पाहिला.

युद्ध संपत आले तेव्हा वॉशिंग्टनमध्ये धास्ती होती ती परतणाऱ्या सैनिकांच्या बेकारीची. पहिल्या महायुद्धातले सैनिक 1932 साली आपल्या बोनसच्या मागणीसाठी राजधानीत येऊन बसले होते आणि त्यांना हुसकावण्यासाठी लष्कर पाठवावे लागले होते, ही आठवण ताजी होती. म्हणून 22 जून 1944 रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘जी. आय. बिल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली. शिक्षणाची फी, शिकत असताना निर्वाहभत्ता, काम मिळेपर्यंत बेकारभत्ता आणि घराच्या किंवा धंद्याच्या कर्जाला सरकारची हमी, असे त्याचे स्वरूप होते. 1956 पर्यंत सुमारे 78 लाख माजी सैनिकांनी त्यातून शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले आणि त्यांपैकी सुमारे 22 लाख कॉलेजांत गेले. ज्यांच्या घराण्यात कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते, अशी मुले या पैशावर इंजिनिअर, शिक्षक आणि वकील झाली. इतके मोठे काम करणारे सरकारी कायदे जगात फार थोडे असतील.

घरांची गोष्ट अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. महामंदीपूर्वी घरासाठी मिळणारे कर्ज बहुधा पाच-दहा वर्षांत फेडावे लागे आणि किमतीची निम्मी रक्कम आधीच हातात असावी लागे. 1934 साली स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने कर्ज बुडाल्यास भरपाईची जबाबदारी घेतली, तेव्हा बँकांची भीती गेली, मुदत लांबली आणि हप्ता पगारदाराच्या आवाक्यात आला. याच आधारावर विल्यम लेव्हिट यांच्या कंपनीने 1947 पासून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, बटाट्याच्या शेतांच्या जागी, लेव्हिटटाउन वसवले. तळघर न खोदता थेट काँक्रीटच्या पायावर, सुमारे 750 चौरस फुटांचे, दोन झोपण्याच्या खोल्यांचे घर उभे राही. बांधकामाची पंचवीसहून अधिक कामांत विभागणी केलेली होती आणि प्रत्येक टोळी आपले एकच काम उरकून पुढच्या घराकडे सरके. 1949 मध्ये 7,990 डॉलरला मिळणारे हे घर माजी सैनिकाला आगाऊ रक्कम न भरता घेता येई. 1951 पर्यंत अशी सतरा हजारांहून अधिक घरे उभी राहिली.

या वस्तीच्या सुरुवातीच्या भाडेकरारात मात्र एक कलम होते: गोऱ्या वंशाखेरीज कोणालाही या घरात राहू देऊ नये; घरकामाला ठेवलेले नोकर तेवढे अपवाद. हा एका बिल्डरचा वैयक्तिक आकस होता, असे म्हणून भागणार नाही. कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी खात्याची नियमपुस्तिकाच अशा कलमांची शिफारस करत असे आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील घरांना हमी सहसा नाकारली जाई. जी. आय. बिलाची अंमलबजावणी तर स्थानिक बँका आणि कार्यालयांच्या हाती होती. 1947 साली मिसिसिपीतील 13 शहरांच्या पाहणीत या कायद्याखालील 3,229 कर्जांपैकी कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळालेली कर्जे आढळली ती फक्त 2. त्यांनीही तोच गणवेश चढवला होता, तेच युद्ध लढले होते. हे दोन आकडे शेजारी पाहिले की मला आजही संताप येतो.

1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमे न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल दिला. तरीही 1957 च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियात याच कंपनीने वसवलेल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये बिल आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय दांपत्य राहायला आले, तेव्हा घरासमोर जमाव जमला, दगडफेक झाली आणि राज्य पोलिसांना बोलवावे लागले. बिल मायर्स स्वतः माजी सैनिक होते.

घरविक्रीतील वर्णभेदावर बंदी घालणारा कायदा 1968 च्या एप्रिलमध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात झाला. तोवर गोऱ्या कुटुंबांच्या घरांचे निम्मेअधिक हप्ते फिटले होते, किमती वाढल्या होत्या आणि त्या मालमत्तेच्या जोरावर पुढची पिढी शिकत होती. ती वीस वर्षे कृष्णवर्णीय कुटुंबांना कोणत्याही कायद्याने परत मिळाली नाहीत.

आपल्या माणसांचा यात थेट संबंध आहे. 1946 च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी वर्षाला जेमतेम 100 जागा मिळत. दार खऱ्या अर्थाने उघडले ते 1965 च्या स्थलांतर कायद्याने, आणि तोही नागरी हक्कांच्या चळवळीने निर्माण केलेल्या वातावरणात झाला. त्यानंतर गेलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांना न्यू जर्सीच्या उपनगरांत घर घेताना ज्या कायद्याचे संरक्षण मिळाले, तो 1968 चाच कायदा होता. तिथल्या कृष्णवर्णीयांविषयी आपल्या मराठी घरांतून कधीकधी जे तुच्छतेने बोलले जाते, ते ऐकताना हा सगळा क्रम मला आठवतो आणि मी त्या बोलण्याला तिथल्या तिथे हरकत घेतो.