बांडगुळाचा लिलाव आणि कोपीतले पांडव

नोव्हेंबर संपता संपता इंग्लंडातल्या टेनबरी वेल्स या गावी बांडगुळाचा लिलाव होतो. बांडगूळच म्हणतो मी, कारण इथं ज्याला मिसलटो म्हणतात ते आपल्या आंब्यावरच्या बांडगुळाच्या भावकीतलंच आहे. जमिनीवर ओळीनं पेंढ्या मांडलेल्या असतात, प्रत्येकीला चिठ्ठी. पुकारणारा ओळीतून चालत जातो, मागून फुलवाले आणि व्यापारी. भाव पुकारला, बोली झाली, की पुढची पेंढी. शंभराहून जास्त वर्षं हे चाललं आहे. लातूरच्या आडतीत सौदा पाहत वाढलेल्या माणसाला तिथं अजिबात परकं वाटत नाही.

मी गेली चौदा वर्षं नोकरीनिमित्त हेरफर्डला आहे. टेनबरी इथून पाऊण तासावर. पहिल्या वर्षी मी एक जुडी विकत घेतली आणि एक पांढरं फळ चिमटीत फोडलं. आतून चिकट तार सुटली आणि मी लहानपणीच्या शेतात जाऊन पोचलो. हाच चीक, असाच बोटांना न सुटणारा. इथं ब्लॅककॅप नावाचा पक्षी फळाची साल खातो आणि चोचीला चिकटलेलं बी सालीवर पुसतो. तिथंच नवं बांडगूळ रुजतं. आपल्याकडं हेच काम फुलटोच्या करतो. आमचे आजोबा कोयता घेऊन झाडावर चढायचे आणि म्हणायचे, “खातंय झाडाचं, मिरवतंय सोताचं.” मराठीत तर ती शिवीच झाली. इथं मात्र हिवाळ्यात सफरचंदाची सगळी पानं गळून गेली, की उघड्या फांद्यांवर हा एकच हिरवा झुपका उरतो. त्या काळ्या-करड्या दिवसांत तो पाहिला, की लोकांनी त्यात देवत्व का पाहिलं असेल ते लगेच उमगतं.

दादाला फोटो पाठवला तर त्याचा फोन. “तिकडं बांडगूळ इकत घेऊन दारात बांधलालेत?”

हे सगळं आठवायचं कारण वेगळं आहे. डिसेंबर लागला, की आमच्या घरच्या ग्रुपवर दरवर्षी एक मजकूर फिरतो. ख्रिसमस मुळात पेगन लोकांचा, म्हणजे ख्रिस्तपूर्व देवदेवता पूजणाऱ्यांचा सण. चर्चनं तो चोरला. झाड त्यांचं, हिरवा पाला त्यांचा, तारीख सूर्यदेवाची. म्हणून हा सण खोटा, म्हणून आपल्या शाळांत ते झाड नको, त्या दिवशी तुळस पुजा. तुळस पुजायला माझी कसलीच हरकत नाही, आमच्या आईनं ती रोज पुजली. पण दोन वर्षांपूर्वी कुणा पालकानं तक्रार केली म्हणून पुतणीच्या शाळेनं वर्गातलं कागदी झाड काढून टाकलं. तिनं चॉकलेटच्या चांदीची चांदणी करून नेली होती. ती दप्तरात घडी घालून परत आणली. दादानं हे सांगितलं आणि मग विचारलं, “तू तिथंच राहतोस, खरं काय ते सांग बरं.”

म्हणून वाचायला बसलो.

त्या मजकुरातलं काही खरंच आहे. रोमन लेखक थोरला प्लिनी, जो इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या स्फोटात गेला, त्यानं गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, ड्रुइड नावाच्या पुजाऱ्यांबद्दल लिहून ठेवलंय. ओकच्या झाडावर मिसलटो क्वचितच सापडतं. सापडलं, की चंद्राच्या सहाव्या दिवशी पांढऱ्या वस्त्रातला पुजारी सोन्याच्या कोयत्यानं ते कापतो, खाली पांढऱ्या कापडात झेलतात आणि दोन पांढऱ्या बैलांचा बळी देतात. सहावा दिवस म्हणजे आपली षष्ठीच, असं वाचताना मनात आलं. रोममध्ये १७ डिसेंबरपासून सॅटर्न देवाचा सॅटर्नेलिया हा उत्सव असायचा, आणि वर्षाच्या त्या सणांत दारं हिरव्या डहाळ्यांनी सजवायची चाल होती. इ.स. २००च्या सुमारास टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक आपल्याच लोकांवर चिडून लिहितो, की मूर्तिपूजकांसारखे दिवे आणि तमालाच्या डहाळ्या तुम्ही दारांना कशाला लावता? म्हणजे दारी हिरवळ लावण्याची चाल चर्चहून जुनी, यात वाद नाही.

पण चोरी? इ.स. ६०१मध्ये पोप ग्रेगरीनं इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या धर्मप्रसारकाला पत्र लिहिलं, ते बीड नावाच्या जुन्या इंग्रज इतिहासकाराच्या ग्रंथात आहे. देवळं पाडू नका, मूर्ती काढा आणि वास्तू तशीच वापरा. लोकांना चर्चभोवती डहाळ्यांचे मांडव घालून सण करू द्या. चोर असा लेखी हुकूम काढत नाही. लोकांचं मन जुन्या जागेत गुंतलेलं असतं, ते एका रात्रीत तोडता येत नाही, हे ओळखून केलेला तो व्यवहार होता. त्यात सत्तेचा डाव होताच, तेही मी नाकारत नाही.

आणि झाड, ज्यावर एवढा राग, त्याचं काय? त्याचा पेगन मुळाशी जोडणारा धागा सापडत नाही. आजच्या फ्रान्समधल्या अल्सास प्रांतातल्या सेलेस्टा गावच्या दप्तरात १५२१ची नोंद आहे. नाताळात झाडं तोडली जाऊ नयेत म्हणून वनरक्षकांना पैसे दिल्याची. १६०५च्या स्ट्रासबुर्गच्या वर्णनात घरात उभं केलेलं झाड येतं, त्यावर कागदी गुलाब आणि सफरचंदं. २४ डिसेंबर हा आदम आणि हव्वा यांचा दिवस, त्यांच्या नाटकात सफरचंदं टांगलेलं झाड असायचं. तिकडून हे आलं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा अल्बर्ट यांचं झाडाभोवतीचं चित्र १८४८मध्ये छापून आलं आणि इंग्लंडभर चाल पसरली. म्हणजे पुतणीच्या वर्गातलं ते कागदी झाड या सगळ्या पसाऱ्यात सगळ्यात जास्त ख्रिस्ती निघालं. मिसलटोखाली चुंबन घेण्याची चालही ड्रुइडांची नव्हे. ती अठराव्या शतकातल्या इंग्लंडात दिसू लागते. पांढरे झगे घालून फिरणारे आजचे ड्रुइडसुद्धा त्याच शतकात नव्यानं उभ्या राहिलेल्या परंपरेतले. ब्रिस्टलचे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी हे धागे सुटे करण्यात उभी हयात घातली.

मला सगळ्यात जास्त हलवून गेलं ते वेगळंच. ‘हा सण मुळात पेगनांचा’ ही ओरड मोठ्या आवाजात केली ती ख्रिस्ती लोकांनीच. चर्चमधले जुने विधी नकोत म्हणणाऱ्या कट्टर प्युरिटन पंथीयांचं म्हणणं होतं, की बायबलमध्ये ख्रिसमस नाही, हे मूर्तिपूजकांचं उरलंसुरलं आहे. जून १६४७मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटनं ख्रिसमस कायद्यानं बंद केला. त्या डिसेंबरात कँटरबरीत दुकानं उघडी ठेवायला लावली तेव्हा दंगल झाली, आणि लोकांनी हट्टानं दारांवर हॉलीच्या फांद्या लावल्या. काटेरी पानांची, लाल फळांची तीच हॉली, जिला पेगन म्हणून हिणवलं जात होतं, ती ख्रिस्ती माणसानं आपला सण वाचवण्यासाठी दारात उभी केली. स्कॉटलंडमध्ये तर ख्रिसमसची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली आली. आमच्या ग्रुपवरचा मजकूर आपल्या धर्माभिमानातून आलाय असं पाठवणाऱ्याला वाटतं. तो प्युरिटनांचाच युक्तिवाद आहे, शब्दाला शब्द.

इथले लोक शहाणे आणि आपले भांडखोर, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. यांनी यासाठी डोकी फोडून घेतली आहेत. थकून गप्प झाले, आणि गप्प झाल्यावर चाली उरल्या.

जानेवारीत हेरफर्डशरच्या बागांत ‘वासेल’ असतो. त्या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘बरा राहा’. रात्री लोक सफरचंदाच्या सर्वांत जुन्या झाडाभोवती जमतात, मुळांवर सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, ओततात, सायडरमध्ये भिजवलेला पाव फांद्यांत ठेवतात, थाळ्या बडवून गोंगाट करतात. पूर्वी या भागात गव्हाच्या शेतात तेरा जाळ पेटवायचे, बारा लहान आणि एक मोठा. काही गावं वासेल १७ जानेवारीला करतात, कारण १७५२मध्ये पंचांग बदलून अकरा दिवस गाळले ते त्यांनी मनावर घेतलं नाही. उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होऊनही आपण ते संक्रांतीला मानतो, त्यातलाच हा प्रकार.

पहिल्यांदा मी त्या झाडापाशी उभा राहिलो तेव्हा गळा दाटून आला. मार्गशीर्षातली वेळअमावस्या, आमची येळवस, डोळ्यांसमोर आली. कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव, आईच्या डोक्यावर आंबिलीचं मडकं, भज्जी, उंडे, आणि कानडी वळणाची आरोळी देत पिकावर आंबील शिंपडत जाणारे आजोबा. संध्याकाळी पेटता कडबा घेऊन शेताभोवती फेरी. त्या दिवशी लातूर ओस पडतं, जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते. सीमेपलीकडच्या कर्नाटकातही हा सण आहे. आता तोच मजकूर पाठवणाऱ्यानं वेळअमावस्येची झडती घ्यावी. आरोळी कानडी, मग सण कुणाचा? त्या दगडांना पांडव म्हणायला आधी कुणी लागलं? महाभारतात आंबील आहे का? अशी झडती घेतली तर आपल्या एकाही सणाचं दार शाबूत राहणार नाही. मुळं शोधावीत, मी स्वतः शोधतो आणि त्यात मला आनंद आहे. पण मुळाचा शोध एखाद्याच्या मुळावर उठण्यासाठी करायचा असेल, तर तो शोध नव्हे.

इथल्याच विल्टशरमधून फादर स्टीफन्स गोव्यात आले आणि त्यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली. १६१६मध्ये ती छापली गेली. पुढे नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तासाठी अभंग लिहिले. ओवी चोरीला गेली असं मला कधी वाटलं नाही. ती आणखी कुणाची तरी झाली.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं, तासभर. त्यानं ऐकून घेतलं. पुतणीला म्हणाला, चांदणी जपून ठेव, काका आल्यावर बघेल. मग कामाचं विचारलं. तिथले लोक दरवर्षी बांडगूळ कापतात, तर झाड जगतं कसं? मी सांगितलं, कापतात म्हणूनच जगतं; फार वाढू दिलं तर सफरचंदाची फांदी वाळते, म्हणून नाताळाची ही विक्री बागेच्या पथ्यावर पडते. लांब काठीला आकडी लावून ओढतात, त्याचा फोटो पाठवला.

“नुसतं ओढून काय व्हतंय,” दादा म्हणाला. “परत फुटतंय ते. फांदीसकट काढावं लागतंय, मोहर यायच्या आत.” बांधावरच्या केशर आंब्यावर दोन झुपके आलेत म्हणे. येळवस झाली, की चढणार आहे.