जुन्या ॲम्पचा आवाज कपॅसिटरमध्ये साठवून ठेवलेला नसतो

व्हॉल्व्हचा जुना गिटार ॲम्प कुणाच्या हाती लागला की पाठोपाठ एक सल्ला येतोच. सांगणारा बदलतो, शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: आतलं काही बदलू नका, खरा आवाज त्या मूळ कपॅसिटरमध्येच आहे. व्हेरिॲक (व्होल्टेज कमीजास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) लावून व्होल्टेज हळूहळू चढवा, ॲम्प आपोआप ‘जागा’ होतो. थोडं गुणगुणणार, ते वयाचं आहे. दोन पिनांचा प्लग मूळचा आहे, तोही राहू द्या. फार तर नव्या ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्ह, घाला. आणि एक जरी भाग बदललात तरी किंमत निम्मी.

सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. साठ वर्षांपूर्वीची वस्तू कुणा उतावळ्याने ओरबाडू नये एवढंच त्याला हवं असतं, आणि तेवढ्यापुरता मी त्याच्या बाजूचा आहे. पण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा मीटर लावला की पडतो, आणि एक तर थेट जिवावर बेतणारा आहे.

हवेत बोलण्यापेक्षा एकच ॲम्प समोर घेऊ: फेंडरचा काळ्या पॅनेलचा डिलक्स रिव्हर्ब, १९६५च्या आसपासचा. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा माल, सर्किटचं नाव एबी७६३, सुमारे २२ वॅट, १२ इंची एक स्पीकर. ट्यूब एकूण नऊ. त्यातल्या पॉवरच्या दोन ६व्ही६ आणि एसीचं डीसी करणारी रेक्टिफायर ट्यूब जीझेड३४. याचं सर्किट सहज मिळतं आणि कुठे किती व्होल्ट हवेत ते त्यावरच छापलेलं आहे. घरी काम करणाऱ्याला याहून चांगला सोबती नाही.

‘मूळ कपॅसिटर गेले की आवाज गेला’

चासीच्या, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याच्या, पाठीवर पत्र्याचा एक चपटा डबा असतो. त्याचे स्क्रू काढले की आत पाच इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर शेजारी शेजारी दिसतात, प्रत्येक १६ मायक्रोफॅरडचा, ४५० व्होल्टचा. रेक्टिफायरमधून निघालेला खडबडीत डीसी सपाट करायचा, हे त्यांचं काम. आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, त्यांच्यावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर आणि मध्ये द्रवाने भिजवलेला कागद. तो द्रव वर्षानुवर्षं सीलमधून उडत राहतो. ॲम्प वापरला तरी उडतो, माळ्यावर ठेवला तरी उडतो. एखाद्या कपॅसिटरचं टोक फुगलेलं दिसतं, एखाद्याच्या बुडाशी पांढरट-तपकिरी खळ जमलेली असते. काहींवर बाहेरून काहीच दिसत नाही, आणि ‘चांगले आहेत की’ असं म्हणून लोक फसतात ते त्यांनाच.

आता या मंडळींवर भार किती? सप्लाय सुमारे ४१५ व्होल्ट, कपॅसिटर ४५०चे. नवा असतानाही अंतर थोडंच होतं. साठ वर्षांनी त्यातला एक शॉर्ट झाला की करंट रेक्टिफायर ट्यूबमधून आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या हाय व्होल्टेज वाइंडिंगमधून धावतो. फ्यूज असतो प्रायमरीच्या, म्हणजे मेन्सच्या, बाजूला; तो वेळेत उडेल याची खात्री नाही, आणि मागच्या मालकाने त्यात जाड तार घातली असेल तर तो उडणारच नाही. म्हणजे सहज मिळणारा कपॅसिटर वाचवायला गेलात आणि मूळचा ट्रान्सफॉर्मर घालवून बसलात. ज्याला जुनेपणाची एवढी ओढ आहे त्याला हा हिशोब पटायला हवा.

राहिला आवाज. सप्लायमार्फत या कपॅसिटरचा आवाजावर परिणाम होतो, हे खरंच आहे. पण १९६५ साली दुकानातून हा ॲम्प घेऊन गेलेल्या माणसाने नव्या कोऱ्या कपॅसिटरचा आवाज ऐकला होता. ज्या रेकॉर्डिंगांमुळे हे ॲम्प नावारूपाला आले, तीही ताज्या कपॅसिटरवरचीच. वाळलेल्या कपॅसिटरचा ढिला बास ‘विंटेज’ म्हणून मिरवणं मला गमतीचं वाटतं.

बदलताना २२ मायक्रोफॅरड, ५०० व्होल्टचे घ्या. १६च्या जागी १०० घालून ‘सुधारणा’ करू नका. रेक्टिफायर ट्यूबला चालू होतानाचा तो दणका सोसत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घ्या की बाहेरून मागवा, बनवल्याचं वर्ष बघा. दुकानाच्या खणात वीस वर्षं न वापरता पडलेला इलेक्ट्रोलिटिक नवा नसतो, तोही म्हाताराच.

त्या पाचांइतकाच महत्त्वाचा सहावा कपॅसिटर, जो कुणी मोजत नाही: बायसचा, २५ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट. तो ढेपाळला की पॉवर ट्यूबच्या ग्रिडवरचं निगेटिव्ह व्होल्टेज, म्हणजेच बायस, घटतं, ट्यूब जास्त करंट ओढायला लागतात आणि त्यांच्या प्लेटा लाल होतात.

मात्र ‘सगळे कपॅसिटर उपटून टाका’ म्हणणारा दुसरा पंथही तितकाच चुकतो. बोर्डवरचे निळे कपलिंग कपॅसिटर, जे सिग्नल एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात नेतात, ते इलेक्ट्रोलिटिक नाहीत, त्यांच्यात वाळण्यासारखं काही नाही, आणि बहुतेक आजही ठणठणीत असतात. सरसकट बदलण्याआधी मोजा. पॉवर ट्यूब काढून, ॲम्प चालू ठेवून दोन्ही सॉकेटच्या ५ नंबरच्या पिनवर डीसी व्होल्ट बघा. दोन्हीकडे सारखंच, उणे ३५च्या आसपास असेल तर तिथल्या कपलिंग कपॅसिटरना हातही लावू नका. एका बाजूला आकडा शून्याकडे सरकलेला दिसला तर त्या बाजूचा कपॅसिटर गळतो आहे. तो एकटाच बदला.

आणि हे सगळं करताना: प्लग काढला म्हणजे आत वीज नाही, असं नव्हे. त्या पाच कपॅसिटरमध्ये मिळून सुमारे ७ ज्यूल ऊर्जा बसून राहू शकते, हृदयाला झटका द्यायला पुरेशी. १०० किलोओहम, ३ वॅटचा रेझिस्टर घ्या, एक टोक क्लिपने चासीला, दुसरं सप्लायला, मिनिटभर धरा. मग मीटरने मोजा. आकडा शून्याजवळ दिसल्याशिवाय बोट आत नाही. मोजताना दुसरा हात खिशात.

‘व्हेरिॲकवर हळूहळू चढवा’

हा सल्ला अर्धा खरा आहे, म्हणूनच इतका टिकला. बरीच वर्षं पडून राहिलेल्या कपॅसिटरचा ऑक्साइडचा थर विरळ झालेला असतो. मर्यादित करंटमध्ये हळूहळू व्होल्टेज दिलं तर तो पुन्हा धरतो आणि गळती कमी होते. पण उडून गेलेला द्रव परत येत नाही. थर दुरुस्त झाला तरी वाळलेला कपॅसिटर वाळलेलाच.

दुसरी अडचण या ॲम्पपुरती आणखी मजेदार आहे. यात रेक्टिफायर ट्यूब आहे, आणि तिचा हीटरही त्याच ट्रान्सफॉर्मरवर. व्हेरिॲक अर्ध्यावर असताना हीटर पुरेसा तापत नाही, त्यामुळे ट्यूब जवळजवळ काहीच सोडत नाही. डब्यातल्या कपॅसिटरना शून्याच्या आसपास व्होल्ट. तुम्ही मात्र समाधानाने तासभर वाट बघत बसता. मग नॉब थोडा पुढे जातो, कॅथोड तापतो आणि दोन-तीनशे व्होल्ट एकदम येऊन आदळतात. हळूहळू काही चढलंच नाही. खरंच कपॅसिटर हळूहळू चढवायचे असतील तर जीझेड३४ काढून तिच्या जागी तात्पुरते सिलिकॉन डायोड लावावे लागतात, प्रत्येक बाजूला १एन४००७ दोन-दोन सिरीजमध्ये, पुढे करंट रोखणारा रेझिस्टर. इतकी खटपट बाद कपॅसिटरसाठी का करायची, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

पहिल्यांदा चालू करताना त्याहून उपयोगी वस्तू आपल्या इलेक्ट्रिशियनकडे असते: सिरीज बोर्ड, म्हणजे ॲम्पला जाणारी वीज आधी एका बल्बमधून नेणारा बोर्ड. फिलामेंटचा १०० वॅटचा साधा बल्ब, एलईडी चालणार नाही, आणि तो २३० व्होल्टच्या बाजूला, स्टेपडाउनच्या (२३०चे ११० करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) आधी. सगळ्या ट्यूब काढून चालू करा. बल्ब क्षणभर पेटून विझला तर ट्रान्सफॉर्मर ठीक. भगभगीत पेटलेलाच राहिला तर बंद करा, काहीतरी शॉर्ट आहे. बल्बने तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचवला.

‘गुणगुण वयाची आहे’

गुणगुण मोजता येते. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झ, रेक्टिफाय झाल्यावर डीसीत उरणारा चढउतार, म्हणजे रिपल, त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झ. गिटारवर सहाव्या तारेची तिसरी पट्टी दाबा: तो जी ९८ हर्ट्झचा. ॲम्पची गुणगुण त्याच्या अगदी लगत लागत असेल तर बोट फिल्टर कपॅसिटरकडे जातं. त्याच्याही खाली, एका सप्तकाने, असेल तर अर्थिंग किंवा हीटरची वायरिंग तपासा. कपॅसिटर फारच गेले असतील तर सोलोत वरचा सूर लांबवताना त्याच्याखाली दुसराच एक बेसूर आवाज चालतो. ते रिपल सुरात मिसळत असतं. यात वयाचा मान राखण्यासारखं काही नाही.

चरचर आणि फटफट मात्र वेगळी. ती बहुतेकदा जुन्या कार्बन रेझिस्टरची, विशेषतः पहिल्या ट्यूबच्या प्लेटवरच्या १०० किलोओहमची. मुंबईत नि कोकणात आणखी एक संशयित असतो: फेंडरचा काळा फायबरबोर्ड. तो दमट हवेत ओलावा धरतो आणि चक्क वीज वाहून नेतो. मीटरचं एक टोक चासीला, दुसरं बोर्डच्या कोऱ्या जागेवर टेकवा. जिथे शून्य असायला हवं तिथे काही व्होल्ट दिसतात. हेअर ड्रायरने बोर्ड शेकला की बरेचदा भागतं. पावसाळ्यात जुना ॲम्प ‘बिघडतो’ आणि दिवाळीला ‘आपोआप सुधारतो’ त्यातलं निम्मं गूढ इथे आहे.

‘दोन पिनांचा प्लग राहू द्या’

नाही. इथे चर्चाच नको.

या ॲम्पमध्ये मागे ग्राउंड स्विच आहे, आणि त्याच्या मागे ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर मेन्सच्या एका वायरपासून थेट चासीला जोडलेला. अमेरिकेत ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झवर त्यातून सुमारे २ मिलिॲम्पिअर चासीत उतरतो. आपल्याकडे हा ॲम्प स्टेपडाउनवर चालतो, आणि बाजारातले बरेच स्टेपडाउन ऑटोट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे आत आणि बाहेर यांच्यात विद्युत विलगीकरण नाही. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की ॲम्पची एक वायर जमिनीच्या तुलनेत पूर्ण २३० व्होल्टवर येते. मग तोच करंट ३ मिलिॲम्पिअरच्या वर जातो. चासी जॅकला, जॅक केबलला, केबल तारांना. ओठ मायक्रोफोनला लागले की झिणझिण्या येतात ते यामुळे. हे झालं कपॅसिटर धडधाकट असताना. तो शॉर्ट झाला तर गिटारच्या तारा आणि फेज यांच्यात काहीच उरत नाही. जाणकार त्याला ‘डेथ कॅप’ म्हणतात.

उपाय: तीन तारांची वायर, अर्थ स्वतंत्र बोल्टने चासीला घट्ट, फेज आधी फ्यूजला मग स्विचला, आणि तो कपॅसिटर बाहेर. ग्राउंड स्विच दिसायला जागेवर राहू द्या, आतून त्याच्या तारा तेवढ्या सोडवा. एक सावधगिरी: अमेरिकन वायरीत काळी तार म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल. आपल्या जुन्या सवयीत काळी म्हणजे न्यूट्रल. आयात केलेली वायर लावताना इथे हमखास गडबड होते.

स्टेपडाउन घेताना ११०चा घ्या, १२०चा नको. ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो. ११०वर त्याला थोडी उसंत मिळते आणि ६.३ व्होल्टच्या हीटरना ५.९ मिळतात, ते चालतं.

‘नव्या ट्यूब घातल्या की झालं’

प्रीॲम्पच्या बाबतीत, हो, काढा-घाला. पॉवर ट्यूबना बायस लावावा लागतो. ६व्ही६जीटीची प्लेटची कमाल मर्यादा १४ वॅट. तिच्या सत्तर टक्क्यांवर थांबायचं म्हटलं तर ४१५ व्होल्टला साधारण २३-२४ मिलिॲम्पिअर. पिन ८ आणि चासीच्या मध्ये १ ओहमचा रेझिस्टर टाकला की मीटरवरचे मिलिव्होल्ट म्हणजेच मिलिॲम्पिअर. बायसचा नॉब आतच आहे. आणि हे करताना स्पीकर जोडलेला हवा, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

‘बदललंत की किंमत पडली’

कशाने पडते ते बघा. १९६५च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर १ कोटी ३० लाख डॉलरला घेतली. त्याआधीचा माल म्हटलं की भाव चढतो, त्यामुळे घेणारा तारखांच्या मागे असतो. ट्रान्सफॉर्मरवर ६०६-५-१४ असा शिक्का असतो: ६०६ म्हणजे बनवणारी कंपनी शूमाकर, ५ हा वर्षाचा शेवटचा आकडा, १४ आठवडा. स्पीकरवर ४६५ असेल तर ऑक्सफर्ड, २२० असेल तर जेन्सन. ट्यूबच्या तक्त्यावर दोन अक्षरांचा शिक्का, ‘ओई’ म्हणजे मे १९६५. काही जुन्या चासींत जोडणी करणाऱ्या बाईच्या सहीची मास्किंग टेपची पट्टी अजून चिकटलेली सापडते. हे जपा. ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, पेटीचं कापड, बोर्ड बदलले तर किंमत खरंच कोसळते.

फिल्टर कपॅसिटर आणि तीन पिनांची वायर यांना मात्र जाणता ग्राहक देखभाल समजतो. काढलेले भाग पिशवीत घालून पेटीच्या तळाशी ठेवा, काम कधी केलं ते आत चिठ्ठीवर लिहा. आणि विकणारा ‘साठ वर्षांत कुणी उघडलेलाच नाही’ असं अभिमानाने सांगत असेल, तर पाच फिल्टर, एक बायस कपॅसिटर, नवी वायर आणि मजुरी एवढं भावातून वजा करून मागा.