गड्ड्यासाठी (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेसाठी) लेन्स आधी बघा
कॅमेरा निवडीवरच्या लेखात ‘रात्रीच्या फोटोंसाठी मिररलेसच (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्या’ म्हटलंय, ते अर्धंच खरं. मिररलेसमधला एपीएस-सी सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) कॉम्पॅक्टमधल्या, म्हणजे लेन्स न निघणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यातल्या, १ इंची सेन्सरच्या क्षेत्रफळाने साधारण तिप्पट, म्हणजे दीड स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). पण मिररलेससोबत मिळणारी किट लेन्स एफ/३.५ पासून सुरू होते (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त), चांगल्या कॉम्पॅक्टची एफ/१.८ पासून, हा फरक जवळपास दोन स्टॉपचा. वाइडला (झूम न करता) सेन्सरचा फायदा संपलाच की! गड्ड्याच्या यात्रेत रात्री नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) टिपायचे तर ३५ मिमी एफ/१.८ प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सचे पैसे धरूनच मिररलेस घ्या, नाहीतर कॉम्पॅक्ट बरा.

फक्त सोलापूरची धूळ सांभाळा. कॉम्पॅक्टची लेन्स आत-बाहेर होताना धूळ आत ओढते, आणि ती सेन्सरवर बसली की कॅमेरा खोलावाच लागतो. मिररलेसला लेन्स काढायची, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारायचा, बहुतेकदा भागतं. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.