मारलासा की ओ!

“मारलासा की ओ!” आप्पा म्हणाले, आणि नदीकाठच्या सात-आठ जणांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाचं तरी बरंवाईट करूनच आयर्विन पुलाखाली येऊन बसलोय. मेलं कोण होतं? माझ्या गळाच्या काठीवरच्या रिळाचा आवाज. तो बंद करण्यात माझे तीन रविवार, एक टूथब्रश आणि बायकोशी असलेले बऱ्यापैकी संबंध खर्ची पडले होते.

रीळ मामांचं. ते मुंबईच्या गोदीत होते, त्यांनी चोरबाजारातून आणलेलं. मिचेल ३००, फ्रान्समधल्या क्लूझ गावचं. गाव घड्याळवाल्यांचं, आणि रीळ करणारेही घड्याळाचे भाग बनवणारेच. हँडल डावीकडे, पोट अंड्यासारखं. रिळाचा काही दोष नाही. मामांच्या माघारी ते वीस वर्षं माळ्यावर पडलं, आतलं ग्रीस वाळून त्याची चिक्की झाली, आणि मागच्या डिसेंबरात एका शहाण्याने त्यात खोबरेल ओतलं. तो शहाणा मीच. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, हे आमच्या न्हाणीतली बाटली मला दर थंडीत सांगते. तरी ओतलं. पहाटे कृष्णेकाठी पहिलं हँडल फिरवलं तर आधी घर्र, मग किर्र, आणि शेवटी एक लांबलचक कुईंऽऽ. रसवंतीचा चरक, फक्त रस नाही.

या आवाजावर आप्पा आले.

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक केलं, तेव्हापासून या गावात प्रेक्षकांचा तुटवडा म्हणून पडलेला नाही. कुणी सायकलची चेन बसवत असला तरी चार माणसं मागे हात बांधून उभी राहतात. आप्पा त्यातले पहिल्या रांगेतले. अंगात बंडी, डोक्याला मफलर, हातात कडुनिंबाची काडी.

“कुठलं ओ पाव्हणं?”

जन्म माझा गावभागातला, तीन पिढ्यांनी पुराचं पाणी उंबऱ्यावर मोजलेलं, आणि मी पाव्हणा. “इथलाच,” मी म्हटलं.

“फिरवा बघू परत.”

का कोण जाणे, मी फिरवलं. आप्पांनी डोळे मिटले, काडी तोंडातून काढली. “काळी चार.”

“काय?”

“सूर. पेटीवरली काळी चार हाय. बाईमाणसाची पट्टी. गडी असता तर काळी एक-दोनला लागला असता.”

“आप्पा, आतलं ग्रीस वाळलंय.”

“वाळलेलं न्हाई ओ. जवारी लागलीया.” मग त्यांनी मला, गांडुळाच्या डब्यावर बोट आपटत, जवारी म्हणजे काय ते सांगितलं. जावयाचा भाऊ मिरजेत तंबोरे करतो. घोडीवर तार टेकते तिथं दोऱ्याचा तुकडा सरकवायचा, मग तार नुसती वाजत नाही, गुणगुणते. घोडी घासून ती जागा जमवायला हात लागतो हात. “ह्या करकरीला मिरजेत लोक पैसं मोजत्यात, आन तुमी फुकट घावलेली बंद करायला निघालाय. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला येऊन का ऱ्हायले?”

“का?”

“आवाजासाठी.”

“कुणाच्या?”

“त्येच तर,” आप्पा म्हणाले. या उत्तराचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

मग त्यांनी शेजारच्या पोरांना गप्प केलं आणि मला फर्मावलं, “जरा हळू. विलंबित घ्या.” मी विलंबित घेतलं. लाज वाटते सांगायला, पण घेतलं. कुईंऽऽऽ. वरच्या पायरीवर धुणं धुणाऱ्या बाईंनी विचारलं, “दळणाची गिरण हाय का?” पोरं हसून लोळली. त्यातलं एक बांबूच्या काठीला साधं तंगूस बांधून बसलं होतं, ते म्हणालं, “काका, लांब जाऊन वाजवा. मासं पळत्यात.”

हे मला लागलं. रोहू-कटला जातीच्या माशांना चांगलं ऐकू येतं, हे खरं. त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळीच असते. पण हवेतला आवाज पाण्यात उतरतच नाही फारसा, वरच्या वरच परततो. म्हणजे माझ्या रिळाचा त्रास होता तो फक्त माणसांना. आणि मासे पळवायला रीळ कशाला हवं? उन्हाळ्यात नदी काळी पडते, वास मारतो, मासे पोट वर करून काठाला लागतात. तेव्हा या काठावरच्या कुणाच्याही कानाला काळी चार ऐकू येत नाही. पाव्हण्याचं रीळ मात्र लगेच.

असो. इरेला पेटून मी रीळ उघडलं. दुकानदार म्हणाला, “नवीन घ्या ओ, ह्येला कोण हात लावतंय?” आणि ग्रीस मागितलं तर ट्रॅक्टरला घालतात तो अर्ध्या किलोचा डबा पुढे केला. मी तो घेतला आणि रिळाच्या पोटात अनारशाच्या पिठासारखा दाबून भरला. आवाज गेला, आणि फिरणंही गेलं. पुढच्या रविवारी सगळं उपसलं. रॉकेल आता औषधालाही मिळत नाही, म्हणून गाडीतलं पेट्रोल काढलं, टूथब्रशने एकेक दात घासला (रिळाचा, ब्रश बायकोचा निघाला, तो विषय वेगळा). दातांवर ग्रीसचा नुसता हात फिरवला. एक स्प्रिंग उडाली ती देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या मांडीवर सापडली.

एवढं करूनही कुईं तशीच. तिसऱ्या रविवारी मधलं बटण दाबून स्पूल काढलं, तर वर-खाली होणारा तो दांडा कोरडा ठणठणीत. शिवणाच्या मशीनचं तेल, दोन थेंब. गप्प! दोन थेंबांचं काम, आणि मी दोन आठवडे पोट फाडत बसलो होतो.

आणि परवा ते रेशमासारखं रीळ घेऊन गेलो, तर “मारलासा की ओ!”

“ऐका तरी किती गोड फिरतंय,” मी म्हटलं.

“काय ऐकू? हाय काय त्यात ऐकण्यासारखं?” आप्पांनी काडी फेकली. बांबूवाल्या पोराने तेवढ्यात हातभर नसली तरी टीचभर चिलापी ओढून काढली आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. धुणंवाल्या बाई म्हणाल्या, “आज गिरण बंद व्हय?”

मला राग आला होता. अजूनही आहे. तीन रविवारांत एक माणूस ‘बरं झालं’ म्हणाला नाही.

तरी हात रिळाच्या मागच्या खटक्याकडे गेला. हँडल उलटं फिरू नये म्हणून तो असतो. लावला की आत एक जीभ दातांवरून टिकटिक करत जाते. ती टिकटिक बिघाड नव्हे, तिथं तेल घालायचं नसतं, हे मला आता कळलेलं होतं. खटका ओढला, हँडल फिरवलं. टिक टिक टिक टिक.

आप्पा परत फिरले, शेजारी टेकले आणि मांडीवर बोटं आपटायला लागले.

“दुगुन घ्या,” म्हणाले.