लाइट गेली की सोलरही बंद, हे पैसे घेण्याआधी सांगायला काय झालं होतं?

आदल्या संध्याकाळी वळीव झाला, कुठेतरी तारेवर फांदी पडली आणि मंगळवारी सकाळी साडेनऊला आमच्याकडची लाइट गेली. बार्शीतला मे महिना. पण मी निर्धास्त होते. आईचं ऑक्सिजनचं मशीन चालू होतं, पंखा फिरत होता. मला वाटलं, सोलरवर चाललंय सगळं. त्यासाठीच तर बसवलं होतं!

पावणेबाराला मशीनने शिट्टी मारायला सुरुवात केली आणि पंखा थांबला. जिन्याखाली पळत गेले तर सोलरच्या इन्व्हर्टरवर लाल दिवा आणि ‘नो ग्रिड’, म्हणजे बाहेरची लाइट नाही, एवढीच अक्षरं. इतका वेळ मशीन चालवलं ते जुन्या घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटरीने, आणि आता तीही संपली होती. गच्चीवर 540 वॉटची सहा पॅनेलं, अनवाणी पाय ठेववणार नाही असं ऊन, आणि खाली आई पलंगाची कड धरून श्वास ओढतेय. घरात छोटा सिलिंडर भरून ठेवलेला होता म्हणून निभावलं. रेग्युलेटर बसवताना माझे हात इतके थरथरत होते की चावी दोनदा निसटली.

सोलरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “ताई, तुमची ऑन-ग्रिड सिस्टिम आहे. लाइट गेल्यावर ती बंदच राहणार.”

बंदच राहणार! फेब्रुवारीत आमच्या सोफ्यावर बसून चहा पिताना हे तोंडातून का नाही निघालं? आई आतल्या खोलीत होती, मशीनचा आवाज बाहेर येत होता. मी स्वतः त्याला म्हटलं होतं की बिल कमी होईल ते होईल, पण लाइट गेल्यावर हे चाललं पाहिजे. त्यावर त्याने मान डोलावली आणि 78,000 रुपये अनुदान कसं थेट खात्यात येतं ते मोबाइलवर दाखवलं. बिल शून्य, पंचवीस वर्षं काळजी नाही, रोजची दहा-बारा युनिट. सगळं पाठ होतं त्याला. जे मी विचारलं होतं तेवढंच सांगायचं राहिलं?

नंतर मी शोधून वाचलं. लाइट गेल्यावर घरातली वीज बाहेरच्या तारेत जाऊ नये म्हणून हा इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो. खांबावर चढलेल्या लाइनमनला तार मेलेली वाटते, आणि आपल्या गच्चीवरून तिच्यात करंट गेला तर त्याचा जीव जाईल. नियम शंभर टक्के बरोबर आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. माझं भांडण आहे ते हा नियम माहीत असून गप्प बसणाऱ्यांशी.

आता तोच माणूस सांगतो, “मग हायब्रीड घ्यायला हवं होतं ना.” म्हणजे तीन महिन्यांपूर्वीचा इन्व्हर्टर काढायचा, नवा हायब्रीड, म्हणजे लाइट गेल्यावरही बॅटरीच्या जोरावर चालणारा, बसवायचा, वर लिथियमची बॅटरी. बॅटरीसाठी अनुदानात एक रुपया वाढवून मिळत नाही, हेही आताच कळलं. त्याने सांगितलेला आकडा दोन लाखांच्या जवळ जातो. कुठून आणायचे?

आणि बॅटरी विकतानाही तीच लपवाछपवी. जुन्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला होता, 150 एएच (अँपिअर-तास) आहे, पाच-सहा तास आरामात. कशावर पाच-सहा तास? 12 व्होल्ट गुणिले 150 म्हणजे 1,800 वॉट-तास. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरायची, म्हणजे 900. दोन पंखे आणि दोन-तीन दिवे असतील तर पाच तास होतात. पण आईचं मशीन एकटं 350 वॉट खातं, पंख्याचे 75 धरा, की झाले दोन तास. बॅटरी नवी असली तरी! हा तिसरी-चौथीतला भागाकार आहे. घरात काय चालवायचंय एवढं विचारून कागदाच्या कोपऱ्यावर मांडून दाखवायला दोन मिनिटं लागली असती.

लाइट आली संध्याकाळी सहाला. पुन्हा साडेसातला गेली. तेवढ्यात ती बॅटरी काय भरणार? पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात तिला. त्या रात्री सिलिंडरचा काटा बघत बसले होते मी. दुसऱ्या दिवशी ओळखीतला वायरमन म्हणाला, जुन्या इन्व्हर्टरची लाइन सोलरला दाखवतो, त्याला वाटेल ग्रिड आलं. मी त्याला हात लावू दिला नाही. जास्तीची वीज जुन्या इन्व्हर्टरमध्ये उलटी शिरली तर तो जळेल, बॅटरी उकळेल, आणि कुठे चूक झाली तर तोच खांबावरचा माणूस. पण तीन-चार दिवस आईला असं बघितल्यावर लोक याला हो म्हणत असणार, हे मला आता कळतं.

अनुदानाच्या अर्जात आधार, बँक पासबुक, वीजबिल सगळं मागतात. पॅनेल देशी बनावटीचंच हवं, त्याचे नंबर हवेत. मग कोटेशनवर ठळक मराठीत एक ओळ सक्तीची का नाही, की लाइट गेल्यावर ही यंत्रणा वीज देणार नाही? खाली ग्राहकाची सही घ्या. ती ओळ वाचली असती तर मी आधी आईपुरती बॅटरी घेतली असती आणि पॅनेलं पुढच्या वर्षी.

काल समोरच्या काकांच्या गच्चीवर अँगल चढत होते. तोच सोलरवाला. काकांच्या घरी डायलिसिसचे पेशंट आहेत. मी सरळ वर गेले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, “काका, लाइट गेल्यावर चालेल का, ते याला विचारा.” काकांनी विचारलं. नट आवळणाऱ्या पोराने खाली सोलरवाल्याकडे बघितलं, आणि सोलरवाला म्हणाला, “ते आपण नंतर बसून बोलू.” काकांनी तिथल्या तिथे काम थांबवलं.