कुतुब मिनारची ठिगळं

कुतुब मिनारचा फोटो कुणी टाकला की खाली भांडण ठरलेलं. बांधला कुणी? माझं म्हणणं, तो एकट्या कुणाचा नाहीच. मला तर तो त्याच्या ठिगळांसाठीच आवडतो.

1199 च्या सुमारास कुतुबुद्दीन ऐबकानं (पुढे हाच दिल्लीचा सुलतान झाला) काम काढलं, पण त्याच्या हयातीत पहिलाच मजला झाला. पुढचे तीन मजले त्याचा जावई इल्तुतमिश यानं चढवले. या लाल दगडी मजल्यांच्या पन्हळ्या, म्हणजे बाहेरच्या उभ्या फुगीर पट्ट्या, नीट बघा. पहिल्यावर एक गोल, एक कोनदार अशा आलटूनपालटून, दुसऱ्यावर नुसत्या गोल, तिसऱ्यावर नुसत्या कोनदार. सज्जांखालची कोरीव नक्षी तर बघतच राहावी अशी.

मग वीज पडली. चौथा मजला फुटला. फिरोजशहा तुघलकानं 1368-69 मध्ये त्या जागी दोन मजले उभे केले, आणि खालच्याची नक्कल न करता सरळ पांढरा संगमरवर वापरला. दुरुस्ती कुठून सुरू झाली ते लहान पोरालाही खालून दिसतं. त्या वेळच्या कारागिरांनी मिनारवर नागरीत लेख कोरलाय: संवत 1425, विश्वकर्म्याच्या प्रसादाने रचलं. सुलतानाच्या मिनारवर, सुलतानाच्याच काळात!

म्हणून शेजारच्या मशिदीचा इतिहास गोड करून सांगायचं कारण नाही. 27 देवळांचं सामान वापरल्याचं तिच्या दारावरच्या लेखातच लिहिलंय, खांबांवर घंटा-साखळ्या आजही दिसतात. दोन्ही लेख एकाच आवारात आहेत. भांडणारे मात्र आपल्या सोयीचा एकच वाचतात.

72.5 मीटर उंची, 379 पायऱ्या. आता वर जाता येत नाही. 1981 मध्ये आतले दिवे गेले आणि चेंगराचेंगरीत 45 जण दगावले, त्यात बरीचशी शाळकरी मुलं. (त्याआधी चढून आलेले काका-मामा अजून भाव खातात, ते वेगळं.)

सगळ्यात फसलेलं ठिगळ इंग्रजांचं. 1803 च्या भूकंपात माथ्यावरची घुमटी पडली. मेजर रॉबर्ट स्मिथनं 1828 मध्ये तिथे बंगाली धाटणीची छत्री बसवली. ती इतकी विजोड दिसायची की 1848 मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हार्डिंगनं उतरवायला लावली. आज ती खाली हिरवळीवर उभी आहे आणि लोक सेल्फी काढत तिच्या बाजूनं निघून जातात. उतरवली ते योग्यच झालं. मोडून टाकली नाही, हे त्याहून योग्य.