रविवारच्या पायथन-सी बॅचला मिळालेल्या दोन स्टारच्या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार सर,

पायथन आणि सी या दोन प्रोग्रामिंग भाषा एकमेकींना जोडायला शिकवणाऱ्या रविवारच्या बॅचला आलात, त्याबद्दल आभार. बॅच उशिरा सुरू झाली आणि दुपारचा चहा गार होता, हे दोन्ही खरं आहे. त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. फी जास्त वाटली असेल तर त्यावर मी वाद घालणार नाही. (दिवसभराची बॅच, मोजकेच विद्यार्थी, तीही जेवणासकट. असो.)

पण 'क्लासमध्ये दिलेला कोडच चुकीचा, चित्राचा कचरा होतो, आणि वर झिरो-कॉपीच्या गप्पा' असं तुम्ही लिहिलंत. (झिरो-कॉपी म्हणजे डेटाची नक्कल न करता मूळ मेमरीच वापरणं.) पुढच्या बॅचला नाव दिलेल्या एका ताईंनी त्याचा स्क्रीनशॉट पाठवून 'हे खरं का?' विचारलं. सर, आमचं घर याच क्लासवर चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पायथनमधून सीच्या फंक्शनला द्यायचा फोटो 640 बाय 480 चा रंगीत होता. एका पिक्सेलला 3 बाइट, म्हणजे एका ओळीला 1920. तुम्ही नमपायमध्ये (आकड्यांच्या रांगा, म्हणजे अ‍ॅरे, हाताळणारी पायथनची लायब्ररी) त्याची डावी अर्धी बाजू कापून घेतलीत. असं कापताना नमपाय मेमरी हलवत नाही, नुसता हिशेब बदलतं: ओळ 960 बाइटची, पण पुढची ओळ अजूनही 1920 बाइटवरच. हे ओळीपासून ओळीपर्यंतचं अंतर, म्हणजे स्ट्राइड, सीच्या फंक्शनला कळत नाही. त्याला फक्त पत्ता मिळतो आणि तिथून ते सरळ वाचत सुटतं. त्यामुळे डाव्या अर्ध्यानंतर त्याच ओळीचा उजवा अर्धा 'दुसरी ओळ' म्हणून आला, आणि मूळ फोटोच्या खालच्या 240 ओळी वाचल्याच गेल्या नाहीत. चित्र कंगव्यासारखं दिसलं ते यामुळे. प्रोग्राम बंद पडला नाही, एरर आली नाही, म्हणून दोष कोडवर आला.

हे टाळायला फळ्यावरच्या कोडमध्ये 'अ‍ॅज-कंटिग्युअस-अ‍ॅरे'ची, म्हणजे कापलेला तुकडा सलग मेमरीत मांडणारी, एक ओळ होती. 'कॉपी कशाला, तुम्हीच झिरो-कॉपी म्हणालात ना' असं म्हणून ती तुम्ही काढलीत. मेमरी आधीच सलग असेल तर ती ओळ कॉपी करतच नाही, आणि तुमच्या फोटोपुरती केली तरी मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. कॉपी अजिबात नकोच असेल तर स्ट्राइडचा आकडा सीच्या फंक्शनला वेगळा द्यायचा. तेही सांगितलं होतं, पण तेव्हा तुम्ही फोनवर बाहेर होतात.

आणखी एक. बफर प्रोटोकॉलमधून (पायथनमध्ये दुसऱ्याची मेमरी मागायची ठरलेली पद्धत) रीतसर 'सलग मेमरी दे' असं मागितलं असतं तर नमपायने तोंडावर नकार दिला असता. ही सोय याचसाठी आहे. तुम्ही अ‍ॅरेचा नुसता पत्ता आकडा म्हणून काढून सीटाइप्सला (सीची फंक्शन्स बोलावणारं पायथनचं मॉड्यूल) दिलात. तिथे विचारणारं कोणीच नसतं.

रात्री तुमचा मेसेज आला, 'ती ओळ टाकली तरी कचराच.' स्क्रीनशॉट पाहिला. तुम्ही सलग अ‍ॅरे करणं आणि त्याचा पत्ता काढणं एकाच ओळीत उरकलंत. नव्या अ‍ॅरेला नावच नाही, त्यामुळे ओळ संपताच पायथनने तो टाकून दिला आणि हातात राहिला मोकळ्या झालेल्या मेमरीचा पत्ता. अ‍ॅरे आधी एका नावात ठेवा, सीचं काम संपेपर्यंत ते नाव जपा. हे उत्तर मी त्याच रात्री पाठवलं होतं. निळ्या टिकाही दिसल्या.

बॅचमध्ये मी खुर्ची ओढून तुमच्या शेजारी बसलो होतो सर. तुम्ही लॅपटॉप मिटून 'पुढचं घ्या' म्हणालात. इतकी वर्षं सी लिहून आणि शिकवून ते लागलं, खोटं कशाला बोलू.

वेळेचं आणि चहाचं पुढच्या बॅचपासून बघतोच आहोत, नोट्सही सुधारतोय. तुम्ही कुठल्याही रविवारी या, फी घेणार नाही. पैसे परत हवे असतील तर तेही देतो. स्टार दोनच राहू द्यात, उशीर झालाच होता. फक्त 'कोडच चुकीचा' हे तेवढं वाक्य बदलता आलं तर पाहा, ही विनंती.